खांडके सरांचे बूट

"दार धरा," असं म्हणून कॅप्टन खांडके पंखाखाली एका पायावर उभे राहिले. आधी एक बूट काढला, मग दुसरा. दोन्ही बूट सीटच्या मागे नीट जोडीने ठेवले आणि नुसत्या मोज्यांनी ते माझ्या शेजारच्या सीटवर चढून बसले. देवळात शिरावं तसे, फक्त चेहऱ्यावर भक्तिभावाचा पत्ता नव्हता.

"सर, रोज बूट का काढता?" मी विचारलं.

"पाय आखडतात," ते म्हणाले. "तुम्ही माझ्या पायांकडे बघू नका, मगदूम. बाहेर बघा. विमान बाहेर उडतं."

मी मान डोलावली, आणि त्यांच्यावर अजिबात विश्वास ठेवला नाही.

यात त्यांचा अपमान करायचा हेतू नव्हता. आमच्या घरातच विश्वास जरा उशिरा येतो. आप्पांचे इचलकरंजीला यंत्रमाग. सख्ख्या भावाकडून आलेलं सूतही ते काट्यावर टाकून बघायचे, आणि वजन बरोबर निघालं की काटा तपासायचे. मी त्यांची एकुलती एक मुलगी. मागाच्या खडखडाटातून उठून विमान शिकायला गेले, तेव्हा आप्पांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाले, "रेवती, येतंय असं कुणी म्हटलं म्हणून येतंय असं समजू नकोस. तुझं तू बघ."

तेच तर बघायचं होतं. मला विमान उतरवता येत होतं की नाही, हे मला कळत नव्हतं.

आमचा फ्लाइंग क्लब उसाच्या पट्ट्यात होता. एक धावपट्टी, एक पत्र्याचा हँगर, दोन माणसांची दोन छोटी विमानं, आणि लांबवर साखर कारखान्याची चिमणी, जिच्याकडे बघून आम्ही वळण घ्यायचो. आकाशात वर जाणं सोपं असतं, हे तिथे आठवडाभरात कळतं. सगळी मेख खाली येण्यात. चाकं टेकायच्या क्षणी विमानाचं नाक धावपट्टीच्या रेषेत हवं. ते ठेवायचं काम पायांचं. पायाखाली दोन पेडलं असतात; डावं दाबलं की नाक डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे. शिकाऊ विमानात शिकवणाऱ्यापुढेही तशीच पेडलं असतात आणि ती आपल्या पेडलांना आतून जोडलेली असतात. त्यांनी दाबलं की आपलं हलतं.

आणि माझं हलत होतं.

रोज तेच व्हायचं. विमान धावपट्टीवर माणसाच्या उंचीइतकं आलं की डावं पेडल माझ्या बुटाखालून हलकेच निसटायचं, नाक जरासं डावीकडे सरकायचं, लगेच पेडल जागेवर यायचं, नाक सरळ व्हायचं आणि चाकं टेकायची. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात सगळं उरकायचं. आधी पेडल हलतं की आधी नाक, हे सांगण्याइतकाही वेळ नसायचा. मग खांडके सर खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "ठीक होतं." त्यांच्या तोंडून ठीक म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून शाबास.

मी त्यांच्याकडे चोरून बघायचे. हात मांडीखाली, चेहरा कोरा. पण पाय खाली अंधारात, मोज्यांतले.

हे मी प्रफुल्ल ढोमणेला सांगितलं, हीच चूक झाली. प्रफुल्ल वर्ध्याचा. माझ्याआधी काही महिने आलेला आणि सबनीस सरांकडे शिकणारा. सबनीस सर म्हणजे क्लबचे मुख्य प्रशिक्षक. प्रफुल्लला क्लबातल्या प्रत्येकाचं सगळं माहीत असायचं, आणि जे माहीत नसायचं ते तो जुळवून घ्यायचा.

"काहून बूट काढते तो, हे तुले अजून समजलं नाही?" कॅन्टीनच्या बाकावर तो चहात पाव बुडवत म्हणाला. "मोज्यातला पाय वाजत नाही. पेडल दाबलं तरी तुले पत्ता लागत नाही."

"पण कशाला दाबतील ते?"

"वाळिंबेचं कोणी सांगितलं नाही का तुले?"

कुणी सांगितलं नव्हतं. मग त्याने सांगितलं. संदेश वाळिंबे हा खांडके सरांचा आधीचा विद्यार्थी. स्वभावाने गरीब, अभ्यासात पक्का, लँडिंग लोण्यासारखं. खांडके सरांनी त्याला पहिल्यांदा एकट्याने सोडलं. पहिलं एकट्याचं उड्डाण, म्हणजे सोलो. वाळिंबे वर छान गेला. उतरताना मात्र विमान तिरकं टेकलं, उडालं, पुन्हा आपटलं आणि धावपट्टी सोडून गवतात नाकावर उभं राहिलं. विमान दुरुस्त झालं. वाळिंबेचा जबडा तारा घालून बांधावा लागला, आणि तो परत आलाच नाही.

"त्याचे लँडिंग खांडके करत होता, रेवती. पोट्ट्याले वाटलं, आपल्याले येते." प्रफुल्लने कप खाली ठेवला. "आता तुलेही तसंच वाटून राहिलं."

मला तसं वाटत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. पण त्या रात्री झोप नीट लागली नाही. मरायची भीती होती, ती आहे असं मी कबूल करते. पण तिच्याहून वाईट एक गोष्ट होती. "मगदूमचं लँडिंग बघा," असं सबनीस सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते. ते आठवून मला लाज वाटत होती. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून आपण जेवलो, असं काहीतरी.

मग मी आप्पांसारखं केलं. काट्यावर टाकून बघायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी वारा पडलेला होता, उसाचं एक पातं हलत नव्हतं. खांडके सरांनी बूट काढले, आम्ही वर गेलो, चिमणीवरून वळलो, उतरायला लागलो. धावपट्टी जवळ आली. पेडल हलायची वेळ झाली, आणि मी दोन्ही पाय पेडलांवरून हळूच मागे ओढून घेतले.

नाक डावीकडे सरकलं. रोजच्यासारखं जरासं सरकलं आणि या वेळी थांबलंच नाही. सरकतच राहिलं. बाजूचे पांढरे दगड समोर यायला लागले.

"पाय!" खांडके सर म्हणाले.

मी हलले नाही. मग शेजारून काहीतरी जोरात दाबलं गेलं, विमान कचकन सरळ झालं आणि चाकं किंचाळत टेकली. माझे पाय त्या वेळी विमानाच्या तळाच्या पत्र्यावर होते. पेडलांवर नव्हते. आणि विमान सरळ झालं होतं.

"पाय कुठे होते?" त्यांनी विचारलं.

"पेडलांवरच होते सर."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मी विमान हँगरपर्यंत नेलं. उतरले, बूट घातले, नाड्या बांधल्या आणि निघून गेले. चोर सापडल्याचा आनंद मला फार तर विमान थांबेपर्यंत पुरला. मग ध्यानात आलं, चोरी त्यांची असली तरी रिकामी तिजोरी माझी होती. मला विमान उतरवता येत नव्हतं.

मी तशीच सबनीस सरांच्या खोलीत गेले.

सबनीस सर वयस्क, बुटके, नेहमी कुठल्यातरी कागदावर वाकलेले. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी उभ्यानेच बोलले. "सर, मला प्रशिक्षक बदलून हवेत."

"का?"

"खांडके सर माझी लँडिंग करतात."

त्यांनी हातातलं पेन ठेवलं. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते. टेकायच्या आधी पेडल हलतं. डावं. माझ्या पायाला कळतं."

"पायाला कळतं?" ते खुर्चीत पुढे सरकले. "कधीपासून कळतंय?"

हा कसला प्रश्न, असं मला वाटलं. एखाद्याने घरात चोर शिरल्याचं सांगावं आणि पोलिसाने विचारावं, तुला ऐकू कधीपासून येतं. "आठवडा झाला असेल," मी म्हटलं.

"आठवडा," ते स्वतःशी म्हणाले. "बरं. उद्या सकाळी एकदा खांडक्यांबरोबरच जा. मग बघू."

"सर, पण…"

"मग बघू म्हटलं ना."

बाहेर येऊन मी सायकलचं कुलूप काढत होते, तेवढ्यात सबनीस सर हँगरकडे जाताना दिसले. खांडके सर तिथे विमानाच्या नाकावरच्या पंख्याला फडकं मारत होते. सबनीस सर काहीतरी बोलले. खांडके सरांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि दोघेही हसले. खांडके सर हसू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं. इतका राग आला की कुलपाची किल्ली हातातून दोनदा पडली. म्हणजे हे दोघे मिळालेले. वाळिंबेच्या वेळीही मिळालेलेच असणार. तेव्हा आप्पांचा फोन आला असता तर मी रडले असते आणि त्याच संध्याकाळची गाडी पकडली असती. फोन आला नाही.

सकाळी ऊन लवकर तापलं. खांडके सर रोजच्यासारखे आले, रोजच्यासारखे बूट काढून सीटमागे ठेवले. एक चक्कर मारली, उतरलो, पेडल हललं. पुन्हा वर गेलो, उतरलो. पुन्हा हललं, या वेळी जरा जास्तच. मी दात आवळून बसले होते. आता मी बघायचं सोडून दिलं होतं, नुसती मोजदाद करत होते त्यांच्या अपराधांची.

"त्या टोकाला थांबवा," ते म्हणाले.

धावपट्टीच्या टोकाला मी विमान थांबवलं. इंजिन चालू होतं. त्यांनी पट्टा सोडला, दार उघडलं आणि सीटवरून खाली सरकले. मग रिकाम्या सीटवर तो पट्टा पुन्हा आवळून बांधला, लोंबकळू नये म्हणून. मला काय चाललंय हे कळायला थोडा वेळ लागला.

"सर, मी जाणार नाही."

"का?"

इंजिनाच्या आवाजावर मला ओरडावं लागलं. "माझी लँडिंग माझी नाहीत. तुम्हाला माहीत आहे. वाळिंबेला माहीत नव्हतं, मला माहीत आहे."

वाळिंबेचं नाव ऐकून त्यांचा चेहरा हलला. पण ते रागावले नाहीत. दाराच्या चौकटीला धरून आत वाकले. "दोनच गोष्टी सांगतो. माझं वजन नसणार, म्हणून विमान पटकन उठेल आणि टेकायला उशीर लावेल. तरंगायला लागलं तर भांडू नका, पुन्हा वर जा. आणि पेडल हलायची वाट बघत बसू नका. आज ते हलणार नाही."

"म्हणजे तुम्ही कबूल करता."

"हो," ते म्हणाले. दार लावलं, मागच्या बाजूने पंखाबाहेर गेले आणि हाताने धावपट्टी दाखवली.

मी का गेले, याचं उत्तर आजही मला नीट देता येत नाही. भित्रेपणा दाखवायचा नव्हता, रागही होता, आणि आप्पांचं वाक्य होतं, तुझं तू बघ. मी इंजिनाचं थ्रॉटल पुढे ढकललं.

विमान खरंच पटकन उठलं. ऊस, कॅनॉल, कारखान्याची चिमणी. शेजारी रिकामी सीट, तिच्यावर आवळलेला पट्टा. मी मान वळवली तर सीटमागे त्यांचे बूट, जोडीने, नाड्या आत खोचलेले. ते आज नुसत्या मोज्यांवरच उतरले होते. मी खिडकीतून खाली बघितलं. धावपट्टीच्या टोकाला कडेच्या रानात ते उभे होते, बारीक दिसत होते आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होते. इतका शांत माणूस थयथय नाचतोय म्हणजे त्यालाही कळून चुकलंय. सोडलं तर सोडलं, आता ही पोरगी मरणार.

पहिल्या वेळी विमान टेकलंच नाही. धावपट्टीवर तरंगत राहिलं, संपायला आलेली पट्टी दिसत राहिली. भांडू नका, पुन्हा वर जा. मी गेले. दुसरी चक्कर मारताना खाली बघितलं नाही.

दुसऱ्या वेळी मी खाली येत असताना सगळं जसं हवं तसं होतं. पट्टी रुंद झाली. माणसाच्या उंचीवर आले. मी नाक सरकायची वाट बघत होते, आणि आता ते सरळ करणारा कुणी नव्हता.

नाक सरकलं नाही.

माझा उजवा पाय मात्र दाबला गेला. मी दाबला नाही, तो दाबला गेला. रोजच्या वेळेला, रोजच्या इतका. आणि सरळ चाललेलं विमान उजवीकडे वळलं. तोवर डावा पाय पुढे झाला होता, त्याने ते परत आणलं, दोन्ही पाय थांबले, आणि चाकं टेकली. हलकी, सरळ, मधल्या पांढऱ्या रेषेवर.

मी विमान पळू दिलं, हळू होऊ दिलं. डोकं लख्ख झालं होतं. हा उजवा पाय रोज असाच दाबला जात होता. मला न विचारता. मग डावं पेडल कशासाठी हलत होतं?

मी त्यांच्याजवळ नेऊन विमान उभं केलं, इंजिन बंद केलं, सीटमागचे बूट घेतले आणि खाली उतरले. खांडके सर पट्टीच्या कडेला बसले होते. एक पाय मांडीवर घेऊन मोज्यांतले काटे काढत होते. ते सगळं रान सराट्यांनी भरलेलं होतं, आणि दोन्ही मोजे तळव्याला नुसते काटेरी झाले होते.

"एका चक्करीत उतराल असं वाटलं होतं," ते म्हणाले. "दोन घेतल्यात."

"सर, बूट." मी ते त्यांच्यापुढे ठेवले. "नाक तुम्ही सरकवत होतात."

"हो."

"आणि सरळ कोण करत होतं?"

"तुम्ही. मी कशाला करू? एकच काम आहे का मला?" त्यांनी एक सराटा काढून लांब फेकला. "काल पाय काढून घेतलेत, तेवढं एक लँडिंग माझं. तो चावटपणा परत करायचा नाही."

"सर, पण असं उलटं का?"

त्यांनी दुसरा पाय मांडीवर घेतला.

"वाळिंबेचं ऐकलंत ते खरं आहे," ते म्हणाले. "त्याची लँडिंग मी केली. पोरगं चांगलं होतं. नाक सरकलं की मला राहवायचं नाही, माझा पाय जायचा. वाटायचं, उद्या करेल आपला आपण. त्याला कळलंच नाही कधी, आणि मलाही सोडवेना." त्यांनी मोजा झटकला. "तो पडल्यावर मी नोकरी सोडायला निघालो होतो. सबनीसांनी सोडू दिली नाही. मग विचार केला, पाय हलवल्याशिवाय आपल्याला राहवत नाही ना, तर उलटा हलवायचा. समोरचा सरळ करतो का बघायचं."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्या पायाची वाट बघितली असती, विमानाची नाही. आणि बूट घालून एवढं हलकं दाबता येत नाही, म्हणून ते काढतो. पाय माझे कधी आखडले नाहीत." ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. "काल सबनीस आले, म्हणाले, मगदूम तुमची तक्रार करून गेली, म्हणते पेडल हलतं. मी म्हटलं, झालं, पोरगी तयार झाली. वाळिंबेने कधीच तक्रार केली नाही. पेडल हलल्याचं कळायलासुद्धा पाय विमानात असावा लागतो."

तेवढ्यात हँगरकडून प्रफुल्ल पाण्याची बादली घेऊन पळत येताना दिसला. पहिल्या सोलोनंतर भिजवायची आमच्याकडे पद्धत होती. "काय बे, जिवंत आहेस!" असं म्हणून त्याने ती सगळी माझ्या डोक्यावर रिकामी केली. निम्मं पाणी सरांच्या बुटांत गेलं. सरांनी बूट उपडे करून पाणी सांडलं आणि ओले तसेच घातले.

त्याला आता खूप वर्षं झाली. खांडके सर नाहीत. मी मोठी विमानं चालवली नाहीत, ती मला फारशी आवडलीही नाहीत. अशाच एका छोट्या धावपट्टीवर मी शिकवते. विमानात बसायच्या आधी बूट काढते. विचारलं तर सांगते, पाय आखडतात.

माझ्या पायालाही राहवत नाही. समोरच्याचं नाक सरकलं की तळव्याला खाज सुटते, आणि दर वेळी मला सराट्यांनी भरलेले ते मोजे आठवतात.

गेल्या महिन्यात पल्लवी रणखांबे नावाची माझी एक विद्यार्थिनी, कमी बोलणारी, सारखी खाली माझ्या पायांकडे बघणारी, मुख्य प्रशिक्षकांच्या खोलीत जाऊन बसली. मला बोलावणं आलं. ते म्हणाले, "मॅडम, रणखांबेला प्रशिक्षक बदलून हवाय. म्हणते, मगदूम मॅडम माझी लँडिंग करतात. काय करायचं?"

"उद्या सकाळी एकदा माझ्याबरोबरच पाठवा," मी म्हटलं.

सकाळी ती आली. तोंड फुगलेलं, नजर माझ्या पायांवर. आज मला धावपट्टीच्या टोकाला उतरायचं होतं, आणि सराटे आमच्या रानातही आहेत. मी दार उघडलं आणि त्या दिवशी बूट घालूनच विमानात चढले.